आपा, ते हंबरणं मी ऐकलं होतं

आपा, तू गेलीस तेव्हा मी पिशोरच्या बाजारात एका बैलाच्या मागं उभा होतो. बुळकांडीची साथ, टोचणी चालू, बैल लाथा झाडत होता आणि मी त्याच्या मालकाला नको ते बोलत होतो. कन्नडहून मोटार धरून शहरात पोचलो तो रविवारी दुपारी. दवाखान्याच्या फाटकाशीच चपराशानं सांगितलं, "साहेब, बेगमपुऱ्याच्या हुसेनबी गुजर गयी. परवा, जुम्म्याला." मी विचारलं, "कोण हुसेनबी?" खरंच विचारलं गं मी असं. पंधरा वर्षांत तुला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. नवाबपुऱ्यापासून शहागंजापर्यंत ज्या घरात शेळी होती त्या घराची तू आपा. मग चपराशाच्या तोंडाकडं बघितलं आणि कळलं. फाटकाला धरून तसाच उभा राहिलो. हातात औषधाची पेटी होती, ती खाली ठेवायचंसुद्धा सुचलं नाही.

माती द्यायला मी नव्हतो. त्याचं दुःख आहेच. पण खरं सांगू? त्याहून मोठं दुसरंच काहीतरी माझ्या घशाशी अडकलंय, आणि ते अकरा वर्षांचं आहे. तुला एक गोष्ट सांगायची होती. किती वेळा तुझ्या दारापर्यंत तेवढ्यासाठी आलो, तू मोडा पुढं सरकवलास, "बसा डाक्टर" म्हणालीस, आणि मी शेळ्यांचं बोलून उठलो. बोलण्यात माझा हात कोण धरणार? जगाशी बोलतो. हैदराबादच्या साहेबाशी वाद घालतो. तेवढं एक मात्र जिभेवर आलं नाही. आता लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर ऐकायलाही तू नाहीस. भ्याड माणसाला अशीच वेळ सोयीची वाटते.

पण सगळं पहिल्यापासून सांगू दे. मला मधून सुरू करता येत नाही, तुला ठाऊकच आहे.

हैदराबादेत शिकून, नवा कोट शिवून मी इथं आलो, तेव्हा मला वाटलं होतं की सरकारी सलोत्री, जनावरांचा डॉक्टर, म्हणजे मोठा माणूस. फाटकावर उर्दूत लफ्फेदार पाटी होती, शफाखाना-ए-हैवानात. लोक तिला ढोराचा दवाखाना म्हणायचे आणि ढोर काही आणायचे नाहीत. शहरातली निम्मी जनावरं घराच्या आतल्या अंगणात बांधलेली, अंगण जनान्यात, आणि जनान्यापुढं परदा. दूध देणारी शेळी, कोंबड्या, हरीण, पोपट, सगळी बायकांच्या हवाली. जनावर दवाखान्यात आणायचं तर आणणार कोण? म्हणून बोलावणं यायचं. मी टांग्यानं जायचो, देवडीत उभा राहायचो आणि परद्याला विचारायचो, काय झालंय?

तुझी माझी पहिली गाठ अशाच एका परद्यातून पडली. बेगमपुऱ्यात एका जुन्या अंमलदाराच्या घरी लग्न झालं होतं. उरलेला भात शेळीनं रात्रीतून खाल्ला आणि सकाळी ती नगाऱ्यासारखी फुगली. मी देवडीत. आतून बायकांचा कल्ला. मी ओरडलो, "कुठली कूस फुगलीय?" एक जाड आवाज आला, "डावी." मी म्हटलं, "शेळीची डावी की तुमची डावी?" आवाज म्हणाला, "मी तिच्या तोंडापुढं उभी हाय. आता तुमीच ठरवा जी, तुमी शिकलेले."

मी भडकलो. नवा कोट होता ना! अशा बाईला आधी बाजूला करा, कुणी शहाणं माणूस बोलवा, असं काहीतरी बोललो. आत हसण्याची लाट उठली. आणि तू, राग नाही की लाज नाही, सरळ म्हणालीस, "डाक्टर, शेळीचं तोंड पश्चिमेला करते. आता तुमी डोंगराची बाजू विचारा नाहीतर शहराची. डोंगर काही जागा सोडत नाय."

उत्तरेला डोंगर, दक्षिणेला शहर. तोंड पश्चिमेला केलं की डावी कूस शहराची, उजवी डोंगराची. मी देवडीत बोटांनी हवेत शेळी काढून बघितली. बरोबर होतं. "शहराची बाजू फुगलीय," तू म्हणालीस. "तोंडात आडवी काडी मघाशीच दिलीय, ढेकर निघतायत. आता तुमच्याकडं काय तेलबिल आसंल तर द्या." परद्याखालून तुझा हात बाहेर आला, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्या, नखांत कडब्याचा भुसा. मी बाटली दिली. पुढची पंधरा वर्षं मी त्या हातानं जनावरं तपासली.

शेळ्या पाळून घरोघर दूध घालणारी तू विधवा बाई. शहरातलं एकही अंगण तुला परकं नव्हतं, आणि एकही अंगण मला उघडं नव्हतं. आपली जोडी जमणारच होती. मी टांग्यानं पुढं, तू बुरखा सावरत चालत मागून, कारण एका टांग्यात बसलो असतो तर लोकांनी दुसऱ्याच दिवशी आपल्याला जगू दिलं नसतं. देवडीशी पोचलो की मी थांबायचो, तू आत जायचीस. गर्भ राहिलाय का बघ म्हटलं की तू डोंगराच्या कुशीवर मूठ दाबून धरायचीस आणि वासरू हललं की आतूनच "हौ!" म्हणायचीस. जनावराचं नाक कोरडं आहे का, कान थंड आहेत का, शेण कसं आहे, वास कसला येतो. मी विचारायचो आणि तू सांगायचीस. पुढं पुढं मी विचारायच्या आधीच सांगायचीस. एकदा तर मी देवडीत पोचायच्या आधी तू औषध देऊन मोकळी झाली होतीस आणि मला म्हणालीस, "आलात? बसा. चहा घ्या. शेळी बरी हाय."

उलटंही व्हायचं, आठवतं? गुलमंडीवर वकिलांच्या घरी गाय अडली होती. तिथं परदा नव्हता, सोवळं होतं. गोठा स्वयंपाकघराला लागून, तुला मागच्या फाटकाबाहेरच थांबवलं. मी खांद्यापर्यंत हात घालून घामाघूम, वासराचा पाय काही केल्या सरळ होईना. बाहेरून तुझा आवाज, "गुडघा वाकलाय व्हय? ओढू नका! आधी मागं ढकला, मग पाय धरा!" ढकललं. पाय सुटला. वासरू बाहेर आलं. वकिलांच्या आईनं कपाळाला आठ्या घालून विचारलं, "बाहेरून कोण बोलतंय?" मी म्हटलं, "दवाखान्याची आहे." परतताना टांग्याच्या मागून चालत तू सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणालीस, "दवाखान्याची म्हणं! दवाखान्यात मला बसायला मोडा तरी हाय का?" दुसऱ्या दिवशी मी मोडा आणून ठेवला. तू त्यावर एकदाही बसली नाहीस. म्हणालीस, "आता हाय ना, मग झालं."

परद्यावरून आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. मी दर महिन्याला एकदा तरी चिडायचो. हा परदा काढला तर माझी निम्मी जनावरं वाचतील, मी डोळ्यांनी बघेन, हातांनी तपासेन, हे काय आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं! तू शेळीची धार काढता काढता ऐकून घ्यायचीस. एकदा म्हणालीस, "डाक्टर, परदा नसता तर तुमी मला काय इचारलं असतं का? सरळ शेळीपाशी गेला असता. जी बाई तिला रोज चारा घालते, तिच्या अंगावरून गेला असता." मी आणखी मोठ्यानं बोललो. तू हसलीस. ते भांडण तसंच राहिलं आहे, आणि आता माझी बाजू मांडायला मला तोंड नाही. का, ते सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीचे आंब्याचे दिवस. त्याच्या आदल्या महिन्यात शहागंजात मी एक चूक केली होती. एका अत्तरवाल्याचा कुत्रा, तोंड उघडं, लाळ गळतेय, घास गिळता येत नाही, वेड लागल्यासारखा गरगर फिरतोय. मी लांबूनच बघून म्हटलं, पिसाळलाय, मारा. लोकांनी लाठ्यांनी मारला. अत्तरवाला रडत होता. मग मी चिमट्यानं तोंड उघडून बघितलं तर टाळूला आडवं हाडूक अडकलेलं. ओढलं असतं तर कुत्रा शेपटी हलवत घरी गेला असता. त्या दिवसापासून टांगेवाले मला हड्डी डाक्टर म्हणायला लागले. मी चौकातून गेलो की कुणीतरी भुंकायचं. हसण्यावारी नेलं मी, पण आतून जळत होतो. मनाशी ठरवलं होतं, पुन्हा पिसाळलं हा शब्द पुरती खात्री झाल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही.

आणि मग नवाबपुऱ्यातून बोलावणं आलं. बड्या बींचं घर. लाल कंधारी गाय, घरादाराची लाडकी, पोरं तिच्या गळ्याला लोंबकळायची. दोन दिवस खात नव्हती, लाळ गळत होती, मान ताणून गिळायचा प्रयत्न करत होती. आंबे खाऊन कोयी तिच्यापुढं टाकलेल्या. घरच्या थोरल्या मालकीण, बड्या बी, परद्यामागून म्हणाल्या, "कोय अडकली असेल, दुसरं काही नाही." मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हण. मी तुला म्हटलं, "आपा, गळा चाचपून बघ." तू म्हणालीस, "बाहेरून काय लागत नाय." मी म्हटलं, "बरं, आता तोंड उघडून आत—"

आणि तेवढ्यात ती गाय हंबरली.

आपा, ते हंबरणं भुकेचं नव्हतं, वासराला बोलावण्याचं नव्हतं. बसलेलं, घोगरं, मधेच फाटलेलं आणि लांबत गेलेलं. घशात कोय अडकलेली गाय असं हंबरत नाही. शिकत असताना आमच्या मास्तरांनी तो आवाज स्वतः काढून दाखवला होता आणि आम्ही पोरं हसलो होतो. हा आवाज ऐकलात की हात खिशात घाला, असं ते म्हणाले होते. मी देवडीत उभा होतो, परदा माझ्यापासून हातभर अंतरावर. मला तो आवाज कळला. संशय आला नाही म्हणत नाही, चांगला आला.  मी गप्प झालो, दोन श्वास घेईपर्यंत. त्या दोन श्वासांत माझ्या मनात गाय नव्हती, तू नव्हतीस. अत्तरवाल्याचा कुत्रा होता. टांगेवाल्यांचं भुंकणं होतं. इथं पिसाळली म्हणायचं, म्हणजे दोन दिवसांचं दूध प्यालेल्या सगळ्या घराला भीतीत टाकायचं, गाय मारायला लावायची, आणि आत कोयच निघाली तर?

महिन्याभरात अंगणात कुत्रं शिरलं होतं का, एवढंच विचारायचं होतं. एक वाक्य. ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "आपा, हात घाल. जिभेच्या मुळाशी बघ."

तू घातलास. "काय नाय जी," म्हणालीस. "थोडं आत," मी म्हणालो. "काय नाय," पुन्हा म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी गायीनं दावं तोडलं आणि भिंतीला धडका द्यायला लागली. बायका खोल्यांत कोंडून बसल्या आणि मला आत बोलावलं. चार वर्षांत मी पहिल्यांदा कुणाच्या जनान्यात पाय ठेवला तो असा. डोळे बघितले आणि संपलं. पोलिसाला बोलावून गाय मारावी लागली. तेव्हा एका दासीनं रडत सांगितलं की रमजानच्या सुमारास एक कुत्रं आत शिरून गायीच्या नाकाला चावलं होतं, बड्या बी रागावतील म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

मी टांगा पळवत तुझ्याकडं आलो. "हात दाखव," म्हटलं. उजव्या हाताच्या बोटावर विळ्याचा ओला घाव. कडबा कापताना लागलेला, गायीच्या तोंडात हात घालायच्या आधीचा. मी खाली बसलो. तुला सांगितलं काय झालंय ते. तू घाबरली नाहीस असं नाही, ओढणीचं टोक तोंडात धरलंस. मग काय म्हणालीस, ते मला अजून झोपेतही ऐकू येतं. म्हणालीस, "चूक माझी जी. तिचे डोळे लाल होते. मी तुमाला डोळ्यांचं सांगितलंच नाय."

आणि मी म्हणालो, "होतं असं, आपा."

मी तुला माफ केलं! बघ कसा माणूस आहे मी. तू माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलीस आणि मी मोठ्या मनानं तुला माफ केलं. आणि वर कचेरीत लिहून दिलं, परद्यामुळं जनावराचा मुआयना होऊ शकला नाही. सगळं खापर परद्यावर. त्या दिवसापासून मी परद्याविरुद्ध जास्तच तावातावानं बोलायला लागलो, लक्षात आलं होतं तुझ्या? परदा काय करणार बिचारा. तो एक कापड होता. कापडातून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

हैदराबादहून रेल्वेनं लस आली. पोटात चौदा सुया, रोज एक. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर पुरुष, तू त्याच्यापुढं पोट उघडं करायला तयार नाहीस. मी हातापाया पडलो. शेवटी नर्सनं सुई द्यायची आणि डॉक्टरानं पडद्याबाहेरून सांगायचं असं ठरलं. मी व्हरांड्यात बाकावर बसायचो. आत तू, बाहेरून तो सांगतोय, अजून थोडं खाली, अजून डावीकडं. तिसऱ्या दिवशी तू आतून ओरडलीस, "डाक्टर, ऐकताय ना? आज शहराची बाजू!" नर्सला काही कळलं नाही. मी हसलो आणि मग व्हरांड्याच्या टोकाला जाऊन रडलो. सहाव्या सुईनंतर पोट इतकं सुजलं की तुला वाकून धार काढता येईना. ती तुझ्या भाचीनं, जैनबनं काढली. तिचं नुकतंच लग्न झालेलं, तुझ्याच घराला लागून राहायची.

सुया संपल्या तरी माझी भीती संपली नाही. तो रोग कधी महिन्यांनीही उठतो, मला ठाऊक होतं, तुला मी सांगितलं नव्हतं. पाणी गिळता येईनासं झालं की समजायचं. म्हणून मी रोज तुझ्या दारात येऊन पाणी मागायला लागलो. तोवर तुझ्या घरचं पाणी मी कधी प्यालो नव्हतो, जातीचा विचार पक्का होता माझ्या घरी, माझ्यातही होता. खोटं कशाला बोलू. आता पेला घेऊन म्हणायचो, "तूही पी." तू म्हणायचीस, "क्या जी, तुमची तहान मला कायकू?" पण प्यायचीस. मी तुझ्या गळ्याकडं बघत राहायचो. घोट सरळ खाली गेला की माझा एक दिवस सुटायचा. असं वर्षभर. पुढं धोका टळला, पण पाणी मागायची सवय राहिली. बायकोनं एकदा विचारलं, घरी पाणी नाही का? काय सांगणार तिला.

तू त्यानंतरही माझ्यासोबत आलीस, आणि हेच मला कधी कळलं नाही. सुया संपल्यावर आठवडाभरात परद्याआड उभी राहून "नाक ओलं हाय" म्हणून सांगत होतीस. मीच बदललो होतो. तोंडात हात घाल असं मी तुला पुन्हा कधी सांगितलं नाही. जनावर दावणीत मरायला टेकलं तरी नाही. एकदोन जनावरं माझ्या त्या भीतीनंही गेली असतील. किती शिकवलंस तू मला. शेण बघून कालचा चारा ओळखायला शिकवलंस, औषध पाजण्याआधी जनावराशी दोन शब्द बोलायला शिकवलंस, आणि सगळ्यात अवघड म्हणजे, समोरची बाई बोलत असताना तोंड मिटून ऐकायला. माझं जे काही नाव या शहरात आहे त्यातलं निम्मं तुझं आहे. निम्म्याहून जास्तच, पण मी एवढं कबूल करायलाही तुला जावं लागलं.

तर परवाच्या रविवारी, तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला, मी पेटी फाटकातच टाकून बेगमपुऱ्यात आलो. पुरुष बाहेर चटईवर बसले होते. तुझ्या दारावर गोणपाटाचा परदा, आत बायका. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. फातेहा झाला. मला बसवेना. मी दारापाशी गेलो आणि जैनबला हाक मारली. ती परद्याआड येऊन उभी राहिली. गेली तीनचार वर्षं तुझे गुडघे धरले होते तेव्हापासून ती तुझ्यासोबत घरोघर येत होती, तुझंच काम शिकलेली. दोन लेकरांची आई, तुझ्यासारखाच जाड आवाज. म्हणाली, "डाक्टर, आपा म्हणून गेली की आता तुमच्यासंगं मीच यायचं."

मी म्हटलं, "आधी एक ऐक. मग ठरव." आणि मी सांगितलं, आपा. कंधारी गाय, हंबरणं, दोन श्वास, सगळं. आतल्या बायका ऐकतायत, हे मला कळत होतं. बाहेर म्हातारेही ऐकत होते. ऐकू दे म्हटलं. शेवटी म्हणालो, "चूक तिची नव्हती. तिनं स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली."

जैनबनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपाला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"हेच. तुमी ओळखलं होतं, ते. ती म्हणायची, गाय हंबरली आन् डाक्टरचं बोलणं मधीच तुटलं. एवढा बोलका माणूस, कधी गप बसत नाय, त्या दिवशी बसला."

आपा, मी आयुष्यभर समजत होतो की परद्याच्या या बाजूला उभा राहून मीच ऐकत असतो. तूही मला ऐकत होतीस. मी विचारलं, कसंबसं विचारलं, "मग तिनं हात घातला कशाला?"

"मी पण इचारलं होतं तिला," जैनब म्हणाली. "ती म्हणली, डाक्टर थांबला, आन् मग घाल म्हणाला. म्हणजे इचार करूनच म्हणाला आसंल ना."

विचार नव्हता गं तो. भीती होती. लोक हसतील याची. तुझ्या हातापेक्षा मला ती मोठी वाटली. तू माझ्या थांबण्याला शहाणपण समजलीस आणि त्या भरवशावर हात आत घातलास, आणि खरं काय ते कळल्यावरही मला वाचवायला डोळ्यांचं निमित्त केलंस. अकरा वर्षं तू मला पाणी देत राहिलीस. मी तुझ्या दारात, तुझ्या माणसांपुढं, परद्याला डोकं टेकून रडलो. कुणी हटकलं नाही.

थोड्या वेळानं जैनब म्हणाली, "शहागंजात एका घरी शेळी लाळ गाळतीय. दोन दिवस झाले. उद्या सकाळी बोलावलंय. जाऊ, पण माझं एक ऐका डाक्टर. मी आपा नाय. तुमी थांबलात की मी हात काढून घेईन."

"काढून घे," मी म्हणालो.